३४ रुपये ६३ पैसे

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : साखरेचा भाव, उसाची एफआरपी आणि या दोन्हींच्या कात्रीतला तुळजापूर तालुका.

महोदय,


तुळजापुरात शाकंभरी नवरात्र नुकतंच उरकलं आणि संक्रांत तोंडावर आली आहे. महाद्वाराच्या रस्त्यावर कवड्यांच्या माळा, हळदीकुंकू आणि पेढ्यांची दुकानं नेहमीसारखी गजबजलेली. थोडं पुढे किराणा दुकानांत हलवा, तीळ, गुळाच्या ढेपा आणि साखरेची पोती मांडली आहेत. साखर किलोला ४४-४५ रुपये. त्याच सुमारास नळदुर्ग रस्त्यानं उसानं लादलेल्या जोड ट्रॉल्या कुरकुरत कारखान्याकडे चाललेल्या दिसतात. साखर महागली म्हणून तक्रार करणारा आणि उसाला दर नाही म्हणून तक्रार करणारा असे दोघे या गावात एकाच दिवशी भेटतात. पुष्कळदा तो एकच माणूस असतो. शर्टाच्या खिशात काट्यावरची वजनपावती आणि हातात दोन किलो साखरेची पिशवी.

या माणसाच्या दोन्ही तक्रारी आपल्याच खात्याच्या टेबलावर येतात, म्हणून हे पत्र राज्याच्या मंत्रालयाला न पाठवता आपल्याला पाठवलं जात आहे. उसाला किती द्यायचं ते दिल्ली ठरवते. कारखान्यानं साखर किती रुपयांच्या खाली विकायची नाही, तेही दिल्लीच ठरवते. दर महिन्याला कुठल्या कारखान्यानं किती साखर बाजारात सोडायची, किती साखर देशाबाहेर जाऊ द्यायची, उसाच्या रसापासून इथेनॉल करू द्यायचं की नाही आणि ते तेल कंपन्यांनी काय भावानं घ्यायचं, हेही तिथेच ठरतं. २०१३ साली रंगराजन समितीच्या शिफारशीवरून लेव्ही, म्हणजे कारखान्यांनी सरकारला कमी भावानं द्यायची साखर, आणि मासिक कोटा काढून टाकला, तेव्हा ‘साखर मोकळी झाली’ असे मथळे आले होते. पाच वर्षांत, जून २०१८ मध्ये, कोटा परत आला. मोकळी झालेली साखर पुन्हा दाव्याला बांधली गेली.

या सगळ्या व्यवहारात एक आकडा मात्र कुणी फारसा मोठ्यानं म्हणत नाही. यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. १०.२५ टक्के उतारा म्हणजे टनाला १०२.५ किलो साखर. भागाकार केला की एका किलो साखरेत ३४ रुपये ६३ पैशांचा ऊस निघतो. उतारा कमी धरा, साडेनऊ टक्के. त्याला एफआरपी ३,२९० रुपये ५० पैसे आणि साखर ९५ किलो. भागाकार पुन्हा जवळपास ३४ रुपये ६३ पैशांवरच येतो. हिशेब पक्का आहे, त्यात कारखानदाराला हात घालायला जागा नाही.

आणि साखरेचा किमान विक्री दर? ३१ रुपये किलो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेला. यंदाचा हंगाम सुरू झाला तेव्हाही तोच.

ज्या महिन्यात हे ३१ रुपये ठरले, त्या हंगामात एफआरपी १० टक्के उताऱ्याला २,७५० रुपये होती. म्हणजे किलोभर साखरेत साडेसत्तावीस रुपयांचा ऊस. वर साडेतीन रुपये उरत होते. त्यात गाळप, पगार, व्याज भागत नव्हतंच, पण निदान उसाचे पैसे निघत होते. त्यानंतर एफआरपी २,८५०, २,९००, ३,०५०, ३,१५०, ३,४०० आणि ३,५५० अशी पायरीपायरीनं चढत गेली. ३१ चा आकडा जागचा हलला नाही. तेव्हा साडेतीन रुपये वर होते, आज ३ रुपये ६३ पैसे खाली आहेत. हा दर मुळात कशासाठी आणला होता? २०१८ च्या मे महिन्यात देशभरातल्या शेतकऱ्यांची ऊसबिलं २२ हजार कोटींच्या पुढे थकली होती, साखर कारखान्याच्या दारात २६-२७ रुपयांवर आली होती, म्हणून. दर इतका घसरू नये की उसाचेही पैसे निघणार नाहीत, एवढाच त्याचा हेतू. आज तो हेतू त्या आकड्यात उरलेला नाही.

यावर दिल्लीचं उत्तर ठरलेलं असतं : बाजारात साखर ३१ ला विकतेच कुठे? खरं आहे, ती बरीच वर विकते. पण पायाखालच्या जमिनीची खरी गरज पडणाऱ्यालाच असते. जानेवारी-फेब्रुवारीत गाळप भरात असतं, चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं, बँकेचा तगादा असतो आणि राज्यातले सगळे कारखाने एकाच वेळी साखर विकायला काढतात. त्या दिवसांत भाव घसरू लागला, तर थांबायला फळी कुठे आहे? ३१ वर. म्हणजे उसाच्या खर्चाच्याही खाली.

आता भाव चढतो तेव्हाचं पाहू. इथे मात्र आपल्या खात्याची चपळाई वाखाणण्यासारखी आहे.

२०२१-२२ च्या हंगामात भारतानं सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली, आजवरची सर्वाधिक. त्या तेजीच्या तोंडावर, जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये, ज्यानं आडसाली ऊस लावला त्याचं पीक तुटायला आलं २०२२ च्या अखेरीस. मधल्या काळात, १ जून २०२२ पासून, निर्यात ‘मर्यादित’ यादीत गेली होती आणि पुढच्या हंगामासाठी कोटा ६० लाख टनांवर आला होता. त्याच्या पुढच्या हंगामात निर्यात बंदच. दुसऱ्यानं जानेवारी २०२३ मध्ये सुरू लागण केली. तेव्हा जो तो इथेनॉलच्या गोष्टी सांगत होता. केंद्राच्या व्याजसवलतीवर कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या. साखरेचं ओझं कमी होईल, बिलं वेळेवर मिळतील, असं व्यासपीठावरून सांगितलं जात होतं. या माणसाचा ऊस तोडणीला आला डिसेंबरात आणि ७ डिसेंबर २०२३ ला हुकूम निघाला : उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठवडाभरानं तो थोडा सैल झाला, १७ लाख टन साखरेइतकी मुभा मिळाली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता, हे कबूल. समोर लोकसभेची निवडणूक होती, हेही कबूल करायला हरकत नसावी. प्रत्यक्षात त्या हंगामात महाराष्ट्रानं अंदाजाच्या बऱ्याच पुढे जाऊन ११० लाख टन साखर तयार केली. बंदी उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. तोवर बऱ्याच ठिकाणी टाक्या कोरड्या आणि गोदामं भरलेली होती.

लागण ते तोडणी या मधल्या बारा ते अठरा महिन्यांत शेतकऱ्याला काहीही बदलता येत नाही. सोयाबीन परवडलं नाही तर चार महिन्यांनी रान मोकळं होतं. ऊस एकदा सरीत गेला की तो खोडव्यासह दोन-तीन वर्षं मुक्कामाला असतो. अशा पिकाचं धोरण दर दोन-चार महिन्यांनी फिरवायचं आणि वर ‘बाजारातील उपलब्धता लक्षात घेऊन’ असं परिपत्रकात लिहायचं, हे जरा गमतीचंच.

एवढं सगळं कुणासाठी? ग्राहकासाठी, असं सांगितलं जातं. ग्राहकाची बाजू हलकी नाही. याच पत्राच्या सुरुवातीला त्याच्या हातात दोन किलोची पिशवी दिली आहे, ती विसरलेली नाही. पण हिशेब मांडायला काय हरकत आहे? पाच माणसांच्या घरात महिन्याला चार-पाच किलो साखर लागते असं समजू. किलोमागे पाच रुपये वाढले तर महिन्याला वीस-पंचवीस रुपयांचा भार. मजुरी करणाऱ्या घराला तोही जाणवतो. पण देशातली निम्म्याहून जास्त साखर घरांत जातच नाही. ती जाते थंड पेयांच्या, बिस्किटांच्या, आइस्क्रीमच्या कारखान्यांत आणि मिठाईच्या भट्ट्यांवर. साखर पाच रुपयांनी उतरली म्हणून थंड पेयाची बाटली स्वस्त झाल्याचं तुळजापूरच्या बसस्थानकावर कुणी पाहिलेलं नाही. बाटलीवरची किंमत तीच राहते आणि मधला फायदा बाटलीवाल्याचा होतो. म्हणजे गरिबाच्या नावानं दर दाबायचा आणि त्याचा मोठा वाटा उचलायचा बड्या खरेदीदारांनी.

गरिबाला थेट साखर द्यायची सोय आहेच की. अंत्योदय कार्डावर महिन्याला एक किलो मिळते, केंद्र किलोमागे साडेअठरा रुपये अनुदान देतं. हा साडेअठराचा आकडाही २०१३ पासूनचा. (आपल्या खात्यात आकडे एकदा बसले की उठत नाहीत, अशी शंका येऊ लागते.) अंत्योदयच्या बाहेर, पिवळ्या-केशरी कार्डावरच्या प्राधान्य कुटुंबांना साखर नाहीच. राज्य सरकारनं दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेलाचा ‘आनंदाचा शिधा’ २०२२ पासून सुरू केला होता. २०२५ च्या दिवाळीला तोही आला नाही. गरिबाच्या चहाची खरीच काळजी असेल, तर त्याच्या कार्डावर किलोभर साखर वाढवावी. त्यासाठी अख्ख्या बाजाराचा गळा आवळायची गरज नाही.

बाजार आवळला की शेवटी कळ कुठे निघते, ते पाहायचं तर फडात यावं लागेल.

तुळजापूर तालुक्यातल्या कुठल्याही दोन एकर ऊसवाल्याचं बिल घ्या. एकरी ४० टनांनी ८० टन ऊस धरू. साडेनऊ टक्के उताऱ्यानं एफआरपी ३,२९० रुपये ५० पैसे. ही कारखान्याच्या गव्हाणीतली किंमत. म्हणजे तोडणी आणि वाहतूक यातूनच वजा होते. ती समजा टनाला ९०० रुपये. हातात राहिले २,३९० रुपये ५० पैसे. ८० टनांचे १ लाख ९१ हजार २४० रुपये. वर्षभराच्या, कधी दीड वर्षाच्या कष्टाचे. त्यातून बेणं, खतं, मोटारीचं बिल, सोसायटीचं कर्ज. शिवाय पावतीवर न येणारे खर्च असतात. टोळीला ‘खुशाली’ द्यावी लागते, नाही तर ऊस फडात वाळतो. ट्रॅक्टरवाल्याला एंट्री द्यावी लागते. कारखान्याच्या चिटबॉयला चहापाणी, नोंदीच्या तारखेसाठी गट ऑफिसला हेलपाटे. तुरा आला की वजन घटतं, पण तोडणीच्या प्रोग्रामची तारीख काही अलीकडे येत नाही.

मग काटा. गेल्या ऑक्टोबरात राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच कारखान्यांच्या काटामारीवर जाहीर बोट ठेवलं, तेव्हा ऊसवाल्यांना नवल वाटलं नाही. इतक्या वरून कुणी बोललं, याचं मात्र वाटलं. वीस टनांच्या खेपेमागे तीन क्विंटल जरी उडाले, तर वरच्या दरानं ७१७ रुपये गेले. अशा चार खेपा म्हणजे एका पोराच्या कॉलेजची फी. उतारा किती लागला, हे शेतकऱ्याला दिसतच नाही. तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या दाखल्यावर येतो. हे सगळं दिल्लीच्या माथी मारता येणार नाही. आमच्या गावच्या, आमच्याच जातीपातीच्या, आम्हीच निवडून दिलेल्या संचालकांनीही शेतकऱ्याला नाडलं आहे. ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा श्री तुळजाभवानी शेतकरी सहकारी साखर कारखाना, जिल्ह्याच्या सहकाराची ही दोन मोठी नावं. दोन्ही वर्षानुवर्षं बंद पडले, जिल्हा मध्यवर्ती बँकेची कर्जं त्यांत अडकली, आणि अखेर ते भाडेतत्त्वावर दुसऱ्यांच्या हातात गेले. बँक अडकली म्हणून पीककर्ज अडलं. पीककर्ज अडलं म्हणून शेतकरी सावकाराकडे गेला. ही साखळी इथे सगळ्यांना पाठ आहे.

तरीही कायदा आपला आहे, आणि तो चांगला आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो : ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे. नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. वरच्या १ लाख ९१ हजारांचे पैसे तीन महिने उशिरा आले, तर व्याज होतं सात हजारांवर. हे सात हजार मागितल्याशिवाय हातात पडल्याचं या भागात क्वचितच ऐकू येतं. मागणाऱ्याला पुढच्या वर्षी ऊस नोंदीला त्याच दारात जायचं असतं, म्हणून तो मागतही नाही. साखर आयुक्त पुण्याच्या साखर संकुलातून महसुली वसुलीचे दाखले काढतात, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात, आणि मग तहसीलचा कारकून कारखान्याची साखर जप्त करायला निघतो तोवर हंगाम संपलेला असतो.

राज्य सरकारनं तर एक पाऊल पुढे टाकून २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयानं एफआरपीचेच दोन तुकडे केले. पहिला हप्ता हंगामात, उरलेला हंगाम संपून उतारा ठरल्यावर. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशात ‘चौदा दिवस’ लिहिलेलं असताना राज्याला ते बदलता येत नाही, इतकी साधी गोष्ट. पण तीन हंगाम त्यात गेले. या तीन हंगामांत केंद्रानं राज्याला विचारलं होतं का, की आमचा आदेश तुम्ही कुठल्या अधिकारानं मोडताय?

आपण स्वतः धारवाडचे खासदार आहात, तेव्हा हे काही आपल्याला नवं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० मागत रस्त्यावर बसले होते. राज्यानं केंद्राकडे बोट दाखवलं, केंद्रानं राज्याकडे. अखेर ३,३०० वर तडजोड झाली. त्या दिवसांत सीमाभागातल्या मराठी आणि कानडी शेतकऱ्यांच्या तोंडी एकच सवाल होता : किमान विक्री दर कधी हलणार? तुळजापूरहून ते ठिकाण काही शे किलोमीटर असेल, पण सवाल तोच.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. बालाघाटाच्या डोंगरावर, पर्जन्यछायेत, ऊस लावायचाच कशाला? मराठवाड्यातला ऊस थांबवावा, अशी शिफारस २०१९ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी शासनाला केली होती. त्याच्या तीन वर्षं आधी, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आणि भोवतालच्या जिल्ह्यांत उसाचे फड उभे होते. हे चित्र लाजिरवाणं होतं, याबद्दल वाद नाही. तुळजापुरात अजूनही नळदुर्गचं बोरी धरण भरून किल्ल्यातला नर-मादी धबधबा कोसळू लागला, की पर्यटक फोटो काढतात आणि शेतकरी बेण्याची चौकशी करतात. कृष्णा-मराठवाडा योजनेतून उजनीचं पाणी रामदरा तलावात येणार, हे ऐकत एक पिढी म्हातारी झाली.

पण ऊस का लावतात, याचं उत्तर पाण्यात नाही, कायद्यात आहे. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात तो त्याच्या कितीतरी खाली विकला गेला आणि व्यापाऱ्यावर काही कारवाई झाली नाही, कारण तो हमीभाव व्यापाऱ्याला बंधनकारकच नाही. तुरीचं तेच, हरभऱ्याचं तेच. सगळ्या पिकांत एकट्या उसाला असा दर आहे, की जो खाजगी खरेदीदारालाही द्यावाच लागतो, उशिरा का होईना. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये या जिल्ह्यानं जो पाऊस पाहिला, त्यात परंडा-भूमकडे शिवारंच्या शिवारं वाहून गेली. सोयाबीन शेंगेतच कुजलं. ऊस लोळला, पण बऱ्याच ठिकाणी वाचला. यंदा गावोगाव लोक उसाचीच भाषा बोलत असतील तर त्यांना ‘पाण्याचे चोर’ म्हणण्याआधी तुरीला आणि सोयाबीनला उसासारखी कायद्याची पाठ द्यावी. निम्म्या रानातला ऊस आपोआप जाईल. ठिबकचं अनुदान वेळेवर आलं तर उरलेलाही कमी पाणी पिईल.

नियंत्रण पूर्ण काढून टाका, असं हे पत्र म्हणत नाही. ते करून झालं आहे. १९७८ साली जनता सरकारनं साखर एका झटक्यात मोकळी केली. भाव कोसळले, उसाला गिऱ्हाईक राहिलं नाही, शेतकऱ्यांनी ऊस मोडला. पुढच्याच हंगामात साखर दुर्मीळ झाली, दर भडकले आणि १९७९ च्या डिसेंबरात नियंत्रण परत आलं, लेव्हीसह. त्यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर १९८० मध्ये, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव मागत रस्ते आणि रेल्वे अडवली. जुन्या शेतकऱ्यांना ते दिवस आठवतात. तेव्हा नियंत्रण असावं की नसावं, हा वाद जुना झाला. प्रश्न त्याच्या वेळेचा आणि एकमेकांशी मेळाचा आहे.

तो मेळ बसवायला नवा कायदा लागत नाही. ज्या बैठकीत एफआरपी वाढवता, त्याच बैठकीत, त्याच कागदावर साखरेचा किमान विक्री दर त्या प्रमाणात वाढवावा. किलोत उसाचे पैसे किती, हा भागाकार शाळेतल्या पोरालाही येतो आणि केंद्राच्याच कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालातून त्याचे आकडे मिळतात. निर्यातीचा आणि इथेनॉलचा आकडा हंगाम तोंडावर आल्यावर जाहीर करण्याऐवजी लागणीच्या आधी जाहीर करावा, आणि किमान एक पीक निघेपर्यंत त्याला हात लावू नये. यंदा १५ लाख टन निर्यातीला परवानगी मिळाली, ती नोव्हेंबरात, धुराडी पेटल्यावर. इथेनॉलमध्ये यंदा उसाच्या वाट्याला पुरवठ्याचा जेमतेम २८ टक्के हिस्सा आला, बाकी मका आणि तांदूळ. रसाच्या इथेनॉलचा दर ६५ रुपये ६१ पैसे, तो २०२२-२३ पासून तिथेच. हे आकडे बरोबर असतील किंवा चूक. पण ते ऊस उभा राहिल्यावर कळून काय उपयोग?

आणि चौदा दिवसांचं व्याज मागण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर टाकू नये. बिल बँकेत जमा होतं, ऊस कधी घातला त्याची नोंद संगणकावर असते, उशीर किती झाला ते यंत्राला कळतं. व्याज बिलात आपोआप जमा होईल अशी एक ओळ आदेशात घालावी. जो कारखाना ते देणार नाही, त्याचा पुढच्या महिन्याचा साखरकोटा रोखावा. कोटा आपल्याच हातात आहे आणि तो कसा रोखायचा, हे आपल्या खात्याला कुणी शिकवायला नको.

सध्या तालुक्यात ऊसतोड जोरात आहे. पहाटे चारला थंडीत कोयते वाजायला लागतात, दिवस उगवेपर्यंत मोळ्या बांधून होतात, वाढ्यांसाठी जनावरंवाले बांधावर येऊन उभे राहतात. रिकाम्या झालेल्या रानात पाचट कुजवायचं की पेटवायचं, यावर घराघरांत वाद चालू आहेत. सुरू उसाच्या लागणीला १५ फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले, असं कृषी विद्यापीठ सांगतं. या महिन्या-सव्वा महिन्यात जो ऊस सरीत जाईल, तो तुटेल २०२६-२७ च्या हंगामात. त्या हंगामात साखरेचा किमान दर काय असेल, निर्यात असेल की नसेल, रसाचं इथेनॉल चालेल की थांबेल, हे आजच्या घडीला फडातल्या कुणाला ठाऊक नाही. बेणं कुणाकडून घ्यायचं ते ठरलं आहे, मजूर बोलून ठेवले आहेत. तेवढं १५ फेब्रुवारीच्या आत कळवता आलं तर बरं.

कळावे,

तुळजापूर, जि. धाराशिव
पौष, गाळप हंगाम २०२५-२६